कंदिलाची निगा

(दिंडीच्या शताब्दी वर्षात, आषाढी वारीच्या प्रस्थानाआधीच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी कीर्तनकार नाही, प्रवचनकारही नाही. माझं दुकान मोटारी भरायचं, तारांशी आणि बटणांशी माझा संबंध. पण पंचमंडळींनी सांगितलं, की या वर्षी प्रस्थानाआधी कंदिलाविषयी चार गोष्टी तूच सांग. म्हणून उभा आहे. सेवा समजून ऐकून घ्यावं.

आधी हिशेब सांगतो. गेल्या वारीला आपण निघालो तेव्हा दिंडीकडे ४० सोलर कंदील होते. निघताना चाळीसच्या चाळीस लागत होते. वाखरीच्या तळावर मोजले तेव्हा लागत होते ११. बाकीचे २९ नुसते पिशवीतलं ओझं. लोणंदच्या मुक्कामाला एक म्हातारी माउली रात्री पाण्याच्या टँकरकडे गेली, पालाच्या दोरीला पाय अडकून पडली आणि मनगट मोडलं. पुढची वारी तिला ट्रकमध्ये बसून करावी लागली. तिच्या पालात कंदील होता. तो लागत नव्हता.

वारी झाल्यावर बैठकीत दोन मतं पडली. काही जण म्हणाले, हे सोलर म्हणजे चार दिवसांचं खेळणं, टाकून द्या, पुन्हा देणगी मागू आणि नवे घेऊ. काही म्हणाले, आधी उघडून तर बघा. मी ते २९ कंदील दुकानात नेले आणि एकेक उघडला. त्यातल्या १४ कंदिलांना काहीही झालेलं नव्हतं, नुसते उपाशी होते. प्लेट पुसून दोन दिवस उन्हात ठेवले, लागले. ६ कंदिलांची प्लेटची वायर पिनेपाशी आतून तुटलेली होती. ४ मध्ये पाणी शिरून चार्जिंगच्या भोकात हिरवा गंज धरला होता. आणि फक्त ५ कंदिलांची आतली बॅटरी खरोखर मेली होती. म्हणजे माउली, २९ पैकी २४ कंदील बरे होण्यासारखे होते आणि झाले. आज आपल्याकडे ३५ लागतात. उरलेल्या पाचांना बॅटरी बदलली की चाळीस पुरे.

मग टाकायचं कशाला? देणगी पुन्हा मिळेलही. पण निगा नाही राखली, तर नव्याचंही वाखरीपर्यंत हेच होणार.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. जुनी माणसं टेंभे घेऊन चालली, मग घासलेटचे कंदील आले, मग गॅसबत्ती आली. त्या काळी दिवाबत्तीचं काम ठरलेल्या माणसाकडे असायचं. तिन्हीसांजेच्या आधी काच राखेनं घासायची, वात कातरायची, घासलेट किती उरलं ते हलवून बघायचं, बत्तीला पंप मारायचा, जाळी फाटली तर बदलायची. दिवा रोज हात मागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोलर कंदील आला आणि आपल्याला वाटलं, आता ऊन फुकट, बटण दाबलं की उजेड. घासलेट गेलं, पण निगा जात नाही. ती फक्त बदलली आहे.

आता कंदिलाची घडण समजून घ्या. तीन भाग आहेत. वरची काळी-निळी प्लेट, ती उन्हातून वीज करते. आतली बॅटरी, ती वीज साठवते. आपल्याकडे हातातल्या टॉर्चलाही बॅटरी म्हणतात, म्हणून घोळ होतो. मी बॅटरी म्हणेन तेव्हा कंदिलाच्या पोटातली समजा. तिसरा भाग दिवा. तो एलईडीचा, सहसा जात नाही. कंदील मेला असं आपण म्हणतो तेव्हा दिवा शाबूत असतो. एक तर बॅटरी रिकामी असते, नाहीतर कुठेतरी तार सुटलेली असते.

पोटात किती मावतं, तेही सांगतो. एक वॅटचा दिवा एक तास जळला, की एक माप वीज खर्च झाली असं धरा. आपल्या कंदिलात साधारण सात मापं मावतात. मोठ्या उजेडाला तासाला एक माप लागतं. बारीक उजेडाला पाव माप पुरतं. प्लेट आहे दीड वॅटची. दिवसभर स्वच्छ ऊन मिळालं तर इकडेतिकडे जाणारं वजा करून पाचेक मापं पदरात पडतात. आणि दाट ढगाळ दिवशी? एक माप. फार तर दीड.

आपली वारी असते पावसाळ्याच्या तोंडाशी. समजा ढगाळ दिवस लागले आणि रोज रात्री चार तास मोठा उजेड जाळला. पहिल्या रात्री सातातले चार गेले, राहिले तीन. दुसऱ्या दिवशी एक आलं, झाले चार. दुसऱ्या रात्री चार गेले, खाली शून्य. तिसऱ्या रात्री एक तास उजेड, मग अंधार. आता दुसरा हिशेब. मोठा उजेड फक्त अर्धा तास, पाल लावताना आणि ताटं वाढताना, आणि पुढे सहा तास बारीक उजेड. एका रात्रीचा खर्च दोन मापं. ढगातून रोज एक आलं, तरी तोच कंदील सहा रात्री जातो. मधे एखाददुसरा दिवस ऊन पडलं तर सुटलाच प्रश्न. कंदील तोच, ढग तेच. फरक फक्त बटण कितव्यांदा दाबलं याचा.

आणि चंद्राचंही बघा. माउलींची पालखी आळंदीहून निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला. तेव्हा अर्धा चंद्र मध्यरात्री उगवतो, पुढे रोज कमी होत जातो. जेजुरी, वाल्हे, लोणंद या टप्प्यात अमावास्या गाठते. तिथे रात्र सगळ्यात काळी. पंढरपुराजवळ पोचतो तेव्हा शुद्ध पक्षातला चंद्र वर असतो. म्हणजे आपली खरी गरज आहे वारीच्या मधल्या दिवसांत, आणि आपण कंदील संपवतो पहिल्या चार दिवसांत, पुण्यात, जिथे रस्त्यावर खांबांचे दिवे आहेत. पुण्यातल्या मुक्कामात कंदील लावायचा नाही, भरून ठेवायचा.

आता भरायचं कसं. प्लेटेला थेट ऊन लागतं. ट्रकच्या काचेआड, मेणकापडाखाली, झाडाच्या विरळ सावलीत ठेवलेली प्लेट म्हणजे अर्धपोटी जेवण. आणि सावली थोडीशीच आहे, असं म्हणू नका. प्लेटेवर ज्या पट्ट्या दिसतात त्या एकामागे एक जोडलेल्या असतात. अरुंद बोळातून दिंडी चालली आणि पुढचा एक माणूस थांबला, तर मागची सगळी ओळ थांबते ना? तसंच आहे. एका पट्टीवर पिशवीच्या पट्ट्याची सावली पडली, तर सगळ्या प्लेटेची वीज घसरते.

दुसरं, दिशा. सोलरची प्लेट दक्षिणेकडे कलती ठेवायची असं घरावर बसवणारे सांगतात. ते वर्षभराच्या हिशेबानं बरोबर आहे. पण आषाढात आपल्या भागात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित उत्तरेलाच. म्हणून आषाढी वारीत प्लेट सपाट ठेवा. कार्तिकीला आणि माघीला सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा उत्तरेकडची कड वीतभर उचलून प्लेटेचं तोंड दक्षिणेला करा.

तिसरं, चालताना पाठीवर बांधलेली प्लेट. बऱ्याच तरुण पोरांनी मागच्या वेळी पिशवीवर बांधली होती. कल्पना चांगली, पण आळंदीहून पंढरपूरची चाल साधारण आग्नेयेची. सकाळी ऊन तोंडावर, पाठ सावलीत. पाठीवर ऊन येतं ते दुपारनंतर, आणि तेही गर्दीत अडतं. त्यापेक्षा चांगली सोय आपल्याकडे आहे. आपला ट्रक सकाळीच पुढच्या तळावर जाऊन उभा राहतो. ट्रकबरोबर जाणाऱ्या मंडळींनी पोचल्याबरोबर सगळ्या प्लेटा मोकळ्या जागी, पांढऱ्या चादरीवर मांडल्या, तर दिवसाचे पाच-सहा तास सहज मिळतात. तिथे एक माणूस राखणीला बसला पाहिजे. चोरीसाठीही आणि पावसाच्या सरीसाठीही.

इथे एक बारकावा. प्लेटेला ऊन पाहिजे, बॅटरीला नको. बॅटरी तापली की तिचं आयुष्य घटतं. प्लेट वायरीनं वेगळी जोडलेली असेल, तर प्लेट उन्हात आणि कंदील चादरीखाली सावलीत ठेवा. प्लेट कंदिलाच्या डोक्यावरच बसवलेली असेल, तर इलाज नाही, ऊन द्यावंच लागेल. पण तापलेल्या पत्र्यावर, ट्रकच्या टपावर ठेवू नका.

चौथं, पुसणं. वारीतली धूळ तुम्हाला माहीत आहे. दिवेघाट चढताना कपाळावरचा बुक्कासुद्धा धुळीनं झाकतो. तीच धूळ प्लेटेवर बसते. वर बुक्का, गुलाल, आचाऱ्याच्या चुलीची काजळी. रोज सकाळी ओल्या मऊ फडक्यानं प्लेट पुसा. राख, माती, घासणी लावू नका. कंदिलाची काच राखेनं घासायची जुनी सवय इथे चालत नाही, प्लेटेवर चरे पडतात आणि ते जात नाहीत.

पाचवं, पिन आणि वायर. सहा कंदील निव्वळ वायरीमुळे गेले. वायर धरून पिन ओढायची नाही, पिन धरून ओढायची. कंदिलाभोवती वायर करकचून गुंडाळायची नाही, टाळाच्या दोरीसारखी सैल वेटोळी करायची. आणि चार्जिंगच्या भोकाला रबरी बूच असतं, ते पावसाळ्यात नेहमी लावलेलं हवं. पाणी शिरलंच, तर ओला कंदील चार्जिंगला लावू नका. बटण बंद करा, झाकण खाली करून उपडा ठेवा, पूर्ण वाळू द्या.

आता मोबाईल. कंदिलावर मोबाईल लावायची सोय आहे, म्हणून रात्री प्रत्येक पालात कंदिलाला मोबाईल लटकलेला असतो. हिशेब ऐका. हल्लीच्या मोबाईलची बॅटरी एकोणीसेक मापांची. कंदिलाची सात. सबंध कंदील ओतला, तरी वाटेत थोडं सांडून मोबाईल पाव-तिसरा हिस्साही धड भरत नाही, आणि पालात अंधार. घरी खुशाली कळवायला मोबाईल लागतो, मान्य आहे. पण तो गावातल्या विजेवर भरा. कंदिलाचा उजेड पाल्याच्या माणसांचा आहे.

सगळ्यात जरुरीची गोष्ट आता सांगतो. कंदील विजेवरही भरता येतो. आपल्या कंदिलांना मोबाईलच्या साध्या पाच व्होल्टच्या चार्जरची सोय आहे, तो चालतो. पण ट्रकच्या बॅटरीवरून दोन तारा काढून थेट कंदिलाला जोडायच्या नाहीत. ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची, टेम्पोची १२ व्होल्टची, आणि कंदिलाच्या पोटातली ३.७ व्होल्टची. ही बॅटरी लिथियमची आहे. तिला जास्त दाबानं वीज दिली तर ती फुगते, तापते, पेट घेते. तिची आग साधी नसते, विझल्यासारखी होऊन पुन्हा भडकते. आपल्या ट्रकमध्ये काय असतं? अंथरुणं, ताडपत्री, गॅसच्या टाक्या. आणि वर झोपलेली माणसं. म्हणून ट्रकच्या आत, अंथरुणावर, टाक्यांजवळ कंदील चार्जिंगला लावायचा नाही. रात्रभर लावून झोपायचं तर मुळीच नाही.

बॅटरी फुगली, कंदिलाचं पोट उकललं, गोडसर उग्र वास आला, हात लावल्यावर चटका बसला, तर तो कंदील त्या क्षणी बाद. दाबू नका, टोचू नका, चार्ज करून बघू नका. माणसांपासून लांब, कोरड्या मातीत किंवा वाळूच्या घमेल्यात ठेवा.

नवी बॅटरी घालताना जुनीवरचा आकडा वाचा. लिथियमच्या बॅटऱ्या दोन तऱ्हेच्या मिळतात, ३.७ आणि ३.२ व्होल्टच्या. दिसायला सारख्या. पण ३.७ च्या कंदिलात ३.२ ची घातली, तर ती रोज गरजेपेक्षा जास्त भरली जाईल, आणि ते धोक्याचं आहे. आकडा तोच हवा, आणि बदलायचं काम जाणकारानंच करावं. मेलेल्या बॅटऱ्या उकिरड्यावर नाही, नीरेत नाही, चंद्रभागेत तर नाहीच नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा कामी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. विक्रेत्याकडे परत द्या. माझ्या दुकानात आणून दिल्या तरी मी पोचत्या करीन.

आता वारी संपल्यानंतरचं. पाच बॅटऱ्या मेल्या त्या रस्त्यावर नाही मेल्या. त्या मेल्या पत्र्याच्या खोलीत. कार्तिकीहून आल्यावर कंदील रिकामेच पोत्यात भरले, वर उन्हाळाभर पत्रा तापला. लिथियमची बॅटरी रिकामी ठेवली की हळूहळू आणखी खाली जाते आणि एका मर्यादेखाली गेली की पुन्हा उठत नाही. म्हणून ठेवताना अर्धी-पाऊण भरून ठेवा, बटण बंद आहे ना ते बघा, थंड कोरड्या जागी ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा ऊन दाखवा. तुमच्यापैकी काहींच्या घरी जुने वजनदार कंदील आहेत, त्यात शिशाची बॅटरी असते. तिची रीत उलटी. ती पूर्ण भरूनच ठेवायची आणि दर महिन्याला पुन्हा भरायची. रिकामी राहिली की आत खर धरते आणि ती निकामी होते. कुठलीही बॅटरी असो, उजेड मंद व्हायला लागला की कंदील बंद करा. पूर्ण विझेपर्यंत ताणू नका.

शेवटी वाटपाचं बोलतो. इथे काही जणांना राग येईल, पण बोलायला हवं. मागच्या वर्षी कंदील ज्यानं आधी उचलला त्याचा झाला. पत्ते कुटणाऱ्या पालात दोन कंदील आणि आजारी माणसांच्या पालात एकही नाही, असंही झालं. पंचमंडळींपुढे मी हा क्रम ठेवतो. पहिले कंदील शौचाच्या वाटेवर आणि पाण्याच्या टँकरपाशी. मग बायामाउलींच्या पालांना. मग म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना. मग आचाऱ्यांना, कारण पहाटे तीनला चूल पेटते ती त्यांची. एक रात्रभर विण्यापाशी, बारीक उजेडात. उरले तर बाकीच्यांना. कीर्तनाच्या मंडपात विजेची सोय असते, तिथे कंदील लागत नाही.

जमिनीवर झोपणारी माणसं आपण. पावसाळ्यात मण्यार अंथरुणात येते, चावलेलं कळतही नाही. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय. पायताण उलटं झटकून मगच घाला. आणि कुणाला काही चावल्याची शंका आली, तर मंत्र-पाल्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना.

प्रत्येक कंदिलावर मी रंगानं नंबर घातला आहे, १ ते ४०. एक वही केली आहे. कुठला कंदील कुठल्या पालात, प्लेट कधी पुसली, बिघाड काय, हे त्यात लिहायचं. जसे विणेकरी तसे दोन दिवेकरी नेमावेत अशी माझी विनंती आहे. एक ट्रकबरोबर जाणारा, एक चालणारा. दोघांनी मिळून रोज दिवेलागणीला चाळीस कंदील मोजायचे. शक्य असेल तर त्यातली एक जागा एखाद्या मायमाउलीला द्या. रात्री कुठल्या वाटेवर अंधार आहे, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

विणा आपण जमिनीला टेकू देत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो. शंभर वर्षं हे कुणी चुकवलं नाही, कारण ते नेमाचं काम मानलं. कंदील विण्याच्या जागी नाही, मला ठाऊक आहे. पण त्याच्या उजेडात जी माणसं चालतात त्यांना आपण माउली म्हणतो, पाया पडतो. ज्याच्या पाया पडायचं, त्याचा पाय अंधारात दोरीत अडकू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

येत्या एकादशीला सकाळी देवळापुढच्या पारावर सगळे कंदील घेऊन बसणार आहे. ज्यांना दिवेकरी व्हायचं आहे त्यांनी यावं, प्लेट पुसण्यापासून पिन बदलण्यापर्यंत सगळं हातानं करून घेऊ. घरचे कंदील असतील तेही आणा. पैसे लागणार नाहीत, एक फडकं तेवढं आणा.

राम कृष्ण हरी!